पुस्तिकेत नसलेले वाक्य

चौकशी अहवालातले वाक्य असे होते : "कारखान्याची 'ग्राफ वाचन-लेखन मार्गदर्शिका' परिपूर्ण व स्वयंस्पष्ट असून, झालेला दोष सर्वस्वी कार्ड-पंचर श्री. चनबसप्पा यांच्या निष्काळजीपणाचा आहे."

'स्वयंस्पष्ट' या शब्दाचा मला फार पूर्वीपासून संशय आहे. जे खरोखर स्पष्ट असते त्याला तसे जाहीर करावे लागत नाही. शिवाय ही स्पष्टता कोणासाठी? लिहिणाऱ्यासाठी ती असतेच. स्वतःच्या घरात कोणी दिवा घेऊन फिरत नाही.

त्या मार्गदर्शिकेची अकरा पाने मी तीनदा वाचली. चादरीची नक्षी ग्राफ-पेपरावर रंगवायची. रंगवलेल्या प्रत्येक चौकोनासाठी पुठ्ठ्याच्या कार्डावर एक भोक पाडायचे. एका आडव्या ओळीचे एक कार्ड. कार्डे क्रमाने शिवून मागावर चढवली, की माग ती वाचत जातो आणि चादर विणत जातो. शाई कोणती, कुंचला किती बारीक, पुठ्ठा किती जाड — सारे काही होते. पहिली ओळ वरची की खालची, एवढेच कोठे नव्हते.

चनबसप्पा माझे घरमालक. मूळचे वळसंगचे. जुनी गिरणी बंद पडल्यावर १९७४च्या जानेवारीत ते या कारखान्यात लागले. जुन्या गिरणीत ग्राफ वरून वाचत, म्हणून त्यांनी येथेही वरूनच वाचला. दोन महिने नुसत्या शंकरपाळ्यांची नक्षी होती, आणि शंकरपाळी उलटी केली तरी शंकरपाळीच राहते. मग काठात गिऱ्हाइकाचे नाव विणायचे काम आले, आणि सहाशे चादरींवर ते नाव आरशात दिसावे तसे उमटले.

"बाई, तुमी कालिजात शिकवता," पुस्तिका माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले. "तुमीच दाखवा की, हितं कुटं लिवलंय खालनं वाचा म्हून?"

"कुठेच नाही."

"मग तीस वर्सं कार्डं मारनारा मानूस येका दिवसात निष्काळजी झाला व्हय?"

त्यांना महिनाअखेर कामावरून काढणार होते. त्याआधी चौकशी समितीपुढे एकच सुनावणी उरली होती.

त्याच संध्याकाळी सात रस्ता चौकातल्या एका कागदाच्या दुकानात मी ग्राफ-पेपर मागितला. पुस्तिकेत लिहिले आहे तेवढेच करून पाहायचे, पदरचे काही घालायचे नाही, असा बेत होता. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने माझ्या हातातली पुस्तिका पाहिली.

"नक्षी शिकताय?"

"नाही. लेखकाचा अभ्यास करते आहे."

"आवडला नाही वाटतं लेखक."

"उलट, मी थक्क झाले आहे. वाचकाचा इतका कमी विचार करून अकरा पाने भरणे सोपे नाही."

तो हसला... मग जरा कमी हसला. "आणखी?"

"दौत कशी धुवावी यावर अर्धे पान आहे. सुरुवात कोठून करावी यावर एक ओळ नाही. हा गृहस्थ लोकांना जेवायला बोलावत असेल आणि पत्ता देत नसेल."

"देतो की पत्ता," तो शांतपणे म्हणाला. "विरुपाक्ष. कारखान्याची नक्षी-खोली, जिना चढून डावीकडे. सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात... याल?"

त्याच्या बोटांच्या पेरांवर निळा रंग वाळलेला होता. तो मला आधी दिसायला हवा होता. पुरावे तपासल्याशिवाय बोलायची सवय मला नव्हती. त्या दिवशी लागली.

मी गेले. चनबसप्पांसाठी गेले, असे मी स्वतःला जिन्याच्या प्रत्येक पायरीवर सांगितले.

चैत्राचे ऊन खिडकीच्या गजांतून आत पडत असे. खाली बंद मागांची ओळ, खळीचा आंबूस वास, कोपऱ्यात पाण्याचा माठ. तो पुस्तिका वाचून दाखवी आणि मी ऐकले तेवढेच करी.

"कागद उभा धरायचा की आडवा?"

"उभा, अर्थात."

"'अर्थात' पुस्तिकेत नाही."

तो निमूटपणे नवे वाक्य लिही. मग असा नियमच झाला — त्याने 'अर्थात' म्हटले की पुस्तिकेत एका वाक्याची भर.

"कॉलेजात मुलांवरही अशाच रागावता?"

"मुलांवर कशाला? त्यांच्या सुधारण्याची आशा असते."

"आणि माझ्या?"

"दुसरी आवृत्ती येऊ द्या... मग सांगेन."

एकदा वाऱ्याने ग्राफ उचलला. एक कोपरा त्याने दाबला, एक मी. वारा पडला. कागद उडण्याचे काहीही कारण उरले नाही, तरी दोन्ही हात होते तेथेच राहिले — दोघांत मोजून सात चौकोन.

"बाई, सुट्टीच्या दिवशीबी इस्त्रीचं लुगडं?" घरी बसव्वा, चनबसप्पांच्या पत्नी, विचारीत. "लई अवघड दिसतंय ते पुस्तक!"

मला एकच गोष्ट खटके. पहिल्या ओळीचा प्रश्न काढला की विरुपाक्ष म्हणे, "ते शेवटी घेऊ."

चौथ्या सुट्टीला तेही झाले. 'ग्राफची सर्वांत खालची ओळ म्हणजे पहिले कार्ड. वाचन खालून वर करावे.' दोनच वाक्ये. सुंदर होती. मग त्याने नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ दाखवले : 'किरकोळ सुधारणांसह'.

"आणि चनबसप्पा?"

तो कुंचला पुसत राहिला. "मॅनेजर म्हणतात, नवी काढा, पण जुनीबद्दल बोलू नका. मला मुख्य नक्षीकार करायचं चाललंय... थोडं थांबलात तर —"

"सुनावणी सोमवारी आहे. ती कोणासाठी थांबणार?"

"विजयमालाबाई, मी मुद्दाम तर केलं नाही ना..."

"चुकलात याचा मला राग नाही. चुकतात सगळेच. पण पुस्तिका तुम्ही सुधारलीत, आणि ती का सुधारावी लागली हे दुसऱ्याच्या नावावर ठेवलेत. ही किरकोळ सुधारणा नव्हे."

"तुम्ही पुन्हा येणार नाही?"

"नाही... अर्थात."

मी जिना उतरले. वर कोणी तरी पहिल्या पायरीपर्यंत आले आणि थांबले, हे पावलांवरून कळले. घरी येऊन मी चनबसप्पांचे निवेदन लिहायला बसले. तर्क निर्दोष होते, संदर्भ अचूक होते. अक्षर मात्र पहिल्यांदाच ओळ सोडून चालले होते.

सोमवारी समितीपुढे मी ते वाचले. मॅनेजरांनी उत्तरादाखल 'स्वयंस्पष्ट' हा शब्द दोनदा उच्चारला आणि घड्याळ पाहिले. चनबसप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. तेवढ्यात दार उघडले. कोणीही न बोलावलेला विरुपाक्ष आत आला आणि म्हणाला, "माझा जबाब घ्या."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी मात्र पाहत होते — त्याचे हात त्या दिवशी घासून धुतलेले होते.

चनबसप्पा दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मुख्य नक्षीकाराची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. जबाबाच्या दोन प्रती टंकलिखित झाल्या होत्या. एक कारखान्यात राहिली. दुसरी त्याने आठवड्याने आमच्या दारात आणून दिली आणि वाचून होईपर्यंत उन्हात उभा राहिला. बसव्वांनी आत बोलावले तरी आला नाही, मी बोलावल्यावर आला. आज ती प्रत आम्हा दोघांच्या कपाटात आहे. तिच्यात मी एका अक्षराचीही सुधारणा केलेली नाही :

"पुस्तिका मी लिहिली. पहिली ओळ कोणती हे तीत लिहिले नाही, कारण ते मला माहीत होते, आणि मला माहीत आहे ते सर्वांना माहीत असते असे मी समजत होतो. दोष माझा आहे, चनबसप्पांचा नाही. समितीने विचारले की दोष केव्हा ध्यानात आला. महिन्यापूर्वीच, कागदाच्या दुकानात, विजयमालाबाईंनी तो दाखवला तेव्हा. त्याच दिवशी दोन वाक्यांत तो दुरुस्त करता आला असता. मी केला नाही. दुरुस्त झाला असता तर त्या पुन्हा आल्या नसत्या."