कपाटातलं पायदळ

“ताई, क्लबातलं पायदळ चोरीला गेलंय,” धाकटा फोनवर म्हणाला, “आणि सगळे माझ्याकडे बघतायत.”

ताईने हातातला ओला फडका बादलीत टाकला. धाकटा पन्नाशीला टेकला होता, पण अडचणीत सापडला की त्याचा आवाज अजून शाळेतल्यासारखा व्हायचा.

ताईची उभी हयात विमा कंपनीत गेली होती. चोरीचे आणि आगीचे दावे तपासायचं काम. जळलेली गोदामं, फुटलेली कुलपं, ढसाढसा रडणारे मालक. या नोकरीने तिला एक वाईट खोड लावली होती. कुणी काही सांगायला लागलं, की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग शब्द ऐकायची. नातेवाईक तिला चहाला बोलावण्याआधी दहादा विचार करायचे.

क्लब म्हणजे एका छापखान्यामागची लांबट खोली. मधोमध मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या. दर रविवारी इथे चांगली पोक्त माणसं फासे टाकून जुन्या लढाया नव्याने लढायची, आणि हरली की आठवडाभर घरच्यांशी नीट बोलायची नाहीत. भिंतीला एक काचेचं कपाट होतं. वरच्या कप्प्यात तोफखाना होता, खालच्यात घोडदळ. ताई धाकट्याबरोबर तिथे पोचली तेव्हा मधला कप्पा रिकामा होता.

“इथे होतं पायदळ,” चिटणीस म्हणाला. हा क्लबचा चिटणीस तसबिरींना चौकटी करून द्यायचा, आणि त्याचं बोलणंही चारी बाजूंनी ठोकून बसवलेलं असायचं.

पायदळ काकांचं होतं. काका म्हणजे क्लबातले सर्वांत ज्येष्ठ, नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि रंगकामातले सगळ्यांचे गुरू. अंगठ्याच्या पेराहून जरा उंच, धातूचे शिपाई. निळे कोट, पांढऱ्या विजारी, छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे, असं धाकट्याने सांगितलं. प्रत्येकाच्या पायाखाली छोटा गोल बेस, त्यावर गोंद लावून चाळलेली वाळू चिकटवलेली, वाळूला मातीचा रंग आणि कुठेकुठे हिरव्या गवताचे तंतू. गेल्या दोन-तीन वर्षांत काकांनी दुसरं काही हातात घेतलं नव्हतं. शनिवारी बाहेरगावचे क्लब प्रदर्शनाला यायचे होते, आणि मधलं टेबल या पायदळासाठी राखलेलं होतं.

ताईने कुलूप बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता.

“किल्ल्या कुणाकडे?”

“दोन जुडगे. दाराची आणि कपाटाची किल्ली एकत्रच. एक माझ्याकडे, दुसरा काकांचा. पण काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्याचं, तेव्हापासून तो यांच्याकडे.” चिटणिसाने धाकट्याकडे हनुवटी केली.

“पायदळ शेवटचं कधी पाहिलंत?”

“परवा संध्याकाळी. काका आले होते, डोळ्याची पट्टी काढल्यावर पहिल्यांदाच. काळा चष्मा लावून. तो काढून कपाटासमोर बराच वेळ उभे होते. मी चहा मागवला, तो न घेताच गेले. थकले असतील. काल दुपारी मी दार उघडलं, तर कुलूप जागच्या जागी आणि कप्पा साफ.”

“तोफखान्याला हात लावला नाही चोराने?”

“नाही.”

“जास्त मोलाचं काय? तोफखाना की पायदळ?”

चिटणीस जरा घुटमळला. मग म्हणाला, की तोफखाना काकांचं जुनं काम, एक संग्राहक तर कितीदा तरी तो मागून गेला होता. पायदळ मागितलं नव्हतं.

“का बरं?”

“असंच.” चिटणिसाने एकदम चष्मा काढून पुसायला घेतला. धाकटा हिरव्या कापडाची सुरकुती सरळ करायला लागला.

ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खोलीत दोन माणसं होती, दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि दोघंही एकाच प्रश्नाला बगल देत होती.

शनिवारी सकाळी सभासदांची बैठक होती. पायदळ तोवर मिळालं नाही तर धाकट्याला क्लबातून काढायचं, असं बहुतेकांचं ठरल्यात जमा होतं. बाहेरच्या कुणाला ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटली असती. ताईला तसं वाटलं नाही. बायको गेल्यावर धाकटा दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायचा. तेव्हा काकांनी त्याला आपल्या टेबलाशी बसवून हातात कुंचला दिला होता. पुढे तो माणसांत आला तो त्या टेबलामुळे. आता त्याच काकांची वस्तू चोरल्याचा डाग त्याच्या कपाळी बसला असता, तर तो पुन्हा भिंतीकडेच वळला असता.

रस्त्यात तिने त्याला फैलावर घेतलं.

“परवा रात्री किल्ल्या कुठे होत्या?”

“माझ्याकडे.”

“सकाळपर्यंत?”

“हो गं.” तो स्कूटरच्या आरशाकडे बघत म्हणाला.

“पायदळाचा फोटो आहे?”

त्याने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. फोटोत सगळं कपाट आलं होतं. ताईने बोटांनी चित्र मोठं केलं.

“हे पट्टे पांढरे म्हणालास ना? मला तर निळे दिसतायत.”

“फोटोत तसं येतं.”

त्याच फोटोत, त्याच उजेडात, वरच्या कप्प्यातल्या तोफवाल्यांचे पट्टे दुधासारखे पांढरे होते. ताईने मोबाइल परत दिला. धाकट्याला लहानपणापासून खोटं बोलता यायचं नाही, आणि आता तर तो पाठोपाठ खोटं बोलत होता. पहिल्यांदाच तिला आपल्या भावाचा संशय आला, आणि त्याची तिला फार लाज वाटली. पण संशय गेला नाही.

काकांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. धाकट्याला तिने खाली थांबवलं. दार काकींनी उघडलं, आणि ताई बसायच्या आत तक्रारींचा पाढा सुरू झाला. मोरी तुंबली आहे, चहाची भांडी न्हाणीघरात धुवावी लागतायत, प्लंबर आत्ताच येऊन अर्धं काम करून गेला. फरशी पुसायच्या औषधाची नवी बाटली कुणी संपवली कळत नाही, दात घासायचे जुने ब्रश ठेवले होते तेही गायब.

“आणि हे एक वेगळंच. ऑपरेशन झाल्यापासून घरात भांडण. म्हणे भिंतीला पांढरा रंग कधी दिला, मला का विचारलं नाही. अहो, पहिल्यापासून पांढरीच आहे भिंत. तुमचा भाऊ रोज येऊन डोळ्यात औषध घालतो म्हणून बरं. पण तोही विसरभोळा. परवा किल्ल्या इथेच टाकून गेला, सकाळी यांनीच नेऊन दिल्या.”

काकींनी दिलेला चहाचा कप ताईने तसाच खाली ठेवला.

काका आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते, काळा चष्मा लावून. समोर रंगकामाचं टेबल, त्यावर चादर पसरलेली.

“तुम्हाला कुणाचा संशय येतो, काका?”

“किल्ली त्याच्याकडे होती. मी आणखी काय सांगणार?”

“तो असं करेल?”

“माणसाच्या मनात काय असतं, कोण सांगू शकतं?” त्यांच्या आवाजाला धार होती. “वर्षानुवर्षं शेजारी बसतात, आणि...”

ताईने वाट पाहिली. काकांनी काहीच विचारलं नाही. मग ती उठली, काकींना विचारून मोरीपाशी गेली आणि प्लंबरच्या बादलीत डोकावली. घाण पाण्याखाली बारीक वाळूचा थर बसला होता, आणि वर हिरवे तंतू तरंगत होते.

तिने जिन्यात येऊन चिटणिसाला फोन लावला आणि आत्ताच्या आत्ता काकांकडे यायला सांगितलं. तो आला. धाकट्यालाही तिने वर घेतलं. काकी दारात उभ्या राहिल्या.

“पायदळ याच घरात आहे,” ताई म्हणाली.

चिटणिसाने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने मान खाली घातली.

“माझ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले,” ताई सांगू लागली. “ज्याची वस्तू जाते तो पहिल्यांदा विचारतो, मिळेल का हो? काकांनी ते विचारलंच नाही. म्हणजे एक तर त्यांना ती नको होती, नाहीतर ती कुठे आहे ते ठाऊक होतं. मग चोराने नेलं काय आणि ठेवलं काय, ते बघा. ज्याला गिऱ्हाईक आहे तो तोफखाना ठेवला. गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम तेवढं वेचून नेलं. असा हिशेब बाहेरचा चोर कशाला करेल?”

“पण किल्ली...” चिटणीस म्हणाला.

“किल्ल्या परवा रात्री इथेच राहिल्या होत्या. काल सकाळी काका त्या परत द्यायला निघाले आणि वाटेत क्लबात गेले. हा माझा भाऊ ते ओळखून होता. म्हणून खोटं बोलला, स्वतः चोर ठरायला तयार झाला.”

“पण स्वतःचंच काम कोण चोरेल?”

“डोळ्यात मोतीबिंदू वाढत गेला की सगळ्यावर पिवळट पडदा येतो. निळा तर धड दिसेनासाच होतो. घरातली जुनीच भिंत यांना ऑपरेशननंतर एकाएकी पांढरी दिसली, ती त्यामुळेच. पांढऱ्या पट्ट्यांवर सावलीसाठी निळसर हात देतात ना? यांना तो निळा दिसेना, म्हणून हात जड होत गेला. पट्टे निळे, विजारी निळ्या, चेहऱ्यांवरही जांभळी छटा असेल. परवा नव्या डोळ्याने, क्लबातल्या ट्यूबलाइटखाली, यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. शनिवारी तेच बाहेरगावच्या लोकांसमोर मांडलं जाणार होतं. मग फरशीच्या औषधात शिपाई भिजत घातले, जुन्या ब्रशने रंग खरवडला. बेसवरचा गोंद सुटला, वाळू आणि गवत मोरीत गेलं आणि मोरी तुंबली.”

ताईने टेबलावरची चादर उचलली. काचेच्या बरणीत तपकिरी पाणी, त्यात शिपायांचा खच. बाजूला कागदावर काही धुतलेले, उघडे, राखाडी शिपाई ओळीने उभे केले होते. काकींनी पदर तोंडाला लावला.

काकांनी काळा चष्मा काढला. उजवा डोळा लाल होता.

“एक डोळा झाकला की पांढरे, दुसरा झाकला की निळे,” ते म्हणाले. “कपाटासमोर उभा राहून मी किती वेळ तेच करत होतो. माझीच आहेत ती. यात चोरी कसली?”

“तुमचीच आहेत,” ताई म्हणाली. “पण ‘किल्ली त्याच्याकडे होती’ हे तुम्ही माझ्या तोंडावर म्हणालात. शनिवारी त्याला हाकलणार होते. तुम्ही गप्प बसणार होतात?”

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते धाकट्याकडे वळले.

“तुला दिसत होतं?”

धाकटा बरणीकडे बघायला लागला. चिटणीस पुन्हा चष्मा पुसायला लागला.

“खरं सांग. दिसत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या रांगेपासून.” धाकट्याचा आवाज फुटला. “सगळ्यांनाच दिसत होतं, काका. तुम्ही एकेक शिपाई इतक्या आनंदाने दाखवायला आणायचात. मला तोंड उघडवेना.”

“म्हणजे तुम्ही सगळे वाहवा करत होतात, आणि मी नव्या शिपायाला आणखी निळा फासत होतो.” काकांनी बरणीवर झाकण घट्ट बसवलं. “लोक तुला चोर म्हणायला लागले ना, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? म्हटलं, भोग आता. माझ्या शेजारी बसून मनातल्या मनात मला हसत होतास.”

“हसत नव्हतो हो.”

“ते मला आज कळतंय.”

ताईला काकांचा राग आला होता, तो पुरता गेला नव्हता. पण भावाचाही आला होता, आणि तो जास्त होता. एवढी माया करायची आणि एक साधं खरं वाक्य बोलायचं नाही, हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं.

काका चिटणिसाला म्हणाले, की शनिवारच्या बैठकीला आपण स्वतः येऊ आणि सगळं सगळ्यांसमोर सांगू. डोळ्यांचं आणि किल्लीचंही. चिटणिसाने घसा खाकरला, धाकट्याकडे एक पाऊल टाकलं आणि त्याचा खांदा धरून, चुकलंच माझं, असं पुटपुटला.

काकांनी टेबलाचा खण उघडला आणि आतून एक शिपाई काढला. धुऊन नव्याने रंगवलेला, एकटाच. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना त्यांनी आज सकाळी तो केला होता. त्यांनी तो धाकट्याच्या तळहातावर ठेवला.

“कसा आहे?”

काकी, चिटणीस, ताई, तिघंही धाकट्याकडे बघायला लागले. धाकटा शिपाई घेऊन खिडकीशी गेला. त्याने तो उजेडात धरला, फिरवून पाहिला, आणि परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“पट्टे पांढरे आलेत,” तो म्हणाला. “पण चेहरा वाईट झालाय, काका. डोळे वाकडे आहेत.”

काकांनी हात पुढे केला, शिपाई घेतला आणि झाकण उघडून बरणीत टाकला. मग पायाने दुसरी खुर्ची टेबलाशी ओढली.

“बस,” ते म्हणाले.