पुरवठादार क्रमांक ४१७

कंपनीचं स्वतःचं गोदाम नव्हतं. ग्राहक कंपनीच्या साइटवर खुर्ची मागवायचा, ती ऑर्डर एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे, म्हणजे पुरवठादाराकडे जायची, आणि पुरवठादार परस्पर ग्राहकाच्या दारात खुर्ची पोचवायचा. खोक्यावर लेबल मात्र कंपनीचं. तिथल्या सात वर्षांच्या नोकरीत तिने हजारो खुर्च्या विकल्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही ती बसली नव्हती. ऑर्डर गेली का, होकार आला का, माल निघाला का, एवढं पडद्यावर बघत राहायचं, हे तिचं काम. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे पेंडिंग म्हणत, आणि त्याचं काम पाहता ते नाव त्याला शोभायचं.

नवा पुरवठादार जोडण्याआधी एक खोटा पुरवठादार तयार करून चाचणी घ्यायची पद्धत होती. या वेळच्या खोट्याला क्रमांक मिळाला ४१७. 'माल कुठून उचलायचा' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिने स्वतःच्या घरचा पत्ता ठोकून दिला. चाचणी पार पडली. तिने ४१७ बंद केला आणि विसरून गेली.

मंगळवारी ४१७ वर ऑर्डर दिसली. भिंतीवरचं घड्याळ, एक नग, काचेला पाचाच्या आकड्याजवळ तडा. तडा गेलेलं घड्याळ कोण शहाणा मागवतो, म्हणून तिला हसूच आलं. तासाभराने माल निघाल्याचा संदेश आला. एक खोकं, सव्वा किलो.

संध्याकाळी घरी भिंतीवर नुसता खिळा होता.

घरात दिवसभर असायच्या त्या वन्सं. नवऱ्याची ही थोरली बहीण आठ दिवसांसाठी म्हणून आली, त्याला दोन वर्षं झाली होती. दोघींमधून विस्तव जात नव्हता. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, त्यामुळे भांडण मिटवायलाही कोणी नसायचं.

"वन्सं, घड्याळ कुठंय?"

"मला काय विचारतेस? तुझ्या घरात मी कशाला हात तरी लावते का?"

गुरुवारी इस्त्री गेली. शुक्रवारी वन्संचा हातआरसा. दोन्हींची ऑर्डर सकाळीच ४१७ वर आलेली होती, आरशाच्या मुठीवरच्या ओरखड्यासकट. तिने पेंडिंगला पडदा दाखवला.

"क्रमांक तर बंद आहे," तो म्हणाला. "बंद क्रमांकावर ऑर्डर येईलच कशी?"

"मग हे काय आहे?"

"दुर्लक्ष कर."

पेंडिंगचा हा सगळ्यावरचा इलाज होता. पण इथे तोच महागात पडत होता, कारण तासाभरात उत्तर दिलं नाही तर होकार धरला जाई, असा नियमच होता. ती पत्ता बदलायला गेली, तर पडदा म्हणाला, बंद पुरवठादाराच्या माहितीत बदल करता येत नाही. शनिवारी नवऱ्याच्या टेबललॅम्पची ऑर्डर आली तेव्हा तिने लगेच नकार दाबला आणि कारण दिलं, 'किंमत चुकीची'. लॅम्प जागच्या जागी राहिला. म्हणजे नकार चालत होता. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

सोमवारी नवरा परत यायचा होता. सकाळी ती चपला घालत असताना वन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"येऊ दे माझ्या भावाला. घर धुऊन नेलंस, माझा आरसासुद्धा सोडला नाहीस. तुला बाहेर काढायला नाही लावलं त्याला, तर बघ."

ती त्यांच्या बाजूने वाट काढून निघाली. पण दुपारपर्यंत तिचं डोकं भणभणत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ४१७ वर ऑर्डर आली. स्त्री, एक नग. वय सत्तावन्न. डावा गुडघा दुखरा. वजन चोपन्न किलो.

तिचा हात माउसवर गेला. नकार दाबायला दोन सेकंद पुरतात. तिने दाबला नाही. वन्सं जाव्यात, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. ती उठली, पेंडिंगबरोबर चहाला गेली, त्याच्या बिघडलेल्या स्कूटरची सगळी कहाणी तिने ऐकून घेतली आणि आणखी एक चहा मागवला.

दुसरा कप अर्धा झाला आणि तिला आठवलं, मागे ती तापाने फणफणली होती तेव्हा वन्सं रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या होत्या. तोंडाने अखंड कुरकुर, पण उठल्या नव्हत्या. तिला स्वतःचीच किळस आली. कप तसाच टाकून ती जिना धावत चढली.

चार वाजून आठ मिनिटं.

नकार. पडद्यावर कारणांची यादी उघडली. सात वर्षांच्या सवयीने बोट पहिल्याच ओळीवर पडलं. 'माल शिल्लक नाही.'

उत्तर आलं. नोंद घेतली. शिल्लक शून्य.

तिने ते दोनदा वाचलं. मग वन्संना फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. गुडघ्यामुळे वन्सं फाटकापर्यंतसुद्धा जात नसत.

पडद्यावर पुढची ओळ आली. ग्राहकाला पर्यायी नग चालेल. त्याच घरातला.

पर्यायी मालाला नकाराचं बटण नसतं. तो नियम गेल्या वर्षी तिनेच बसवला होता.

फोन वाजला. नवरा होता.

"अगं, मी लवकर पोचलो. दार सताड उघडं आहे आणि ताई कुठंच दिसत नाही."

"तू बाहेर पड. आत्ताच्या आत्ता घराबाहेर पड."

"का? तुमचं परत वाजलं ना? मी नसलो की तुम्ही दोघी..."

माल निघाला, असा संदेश आला. एक खोकं, एकाहत्तर किलो.

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याला ती ऐकू गेली नसावी, कारण तो त्याच सुरात तिला समजावत होता, ताईचं वय झालंय, तूच जरा सांभाळून घे. फक्त आता त्याच्या आवाजामागे टेम्पोच्या इंजिनाची घरघर येत होती.