तांब्याने पास केलेली गाडी

लतीफ मुकादमांच्या गॅरेजमधून कुठलीही गाडी बाहेर पडायची, तर आधी तिला तांब्याची परीक्षा द्यावी लागे. पितळी तांब्या काठोकाठ भरायचा, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधायचा आणि चिपळूणहून पोफळीपर्यंत जाऊन यायचं. पाणी सांडलं की गाडी पुन्हा कामाला. ही रीत लतीफभाईंच्या वडिलांपासूनची. समोरच्या पेट्रोलपंपाच्या जागी आता चार्जिंगची शेड उभी राहिली होती, पण तांब्या तोच होता.

श्रीरंग बेहेऱ्यांची गाडी या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाली. एक थेंब सांडला नाही. श्रीरंग इतके खूश झाले की जणू त्यांनाच शाळेत बक्षीस मिळालं होतं.

जुने शॉकॲब्झॉर्बर काढून त्यांनी चारही चाकांवर समतोलक बसवून घेतले होते. समतोलक दिसायला साधं जाडजूड नळकांडं, पण आत एक मोटर. पुढचा रस्ता न्याहाळून ती चाक आधीच वर-खाली करायची. चारही समतोलकांत मिळून एक शिकणारा मेंदू होता. आपल्याकडून काय हवंय हे त्याला एकदा कळलं की तो तेवढंच करत राहायचा, दुसरं काही म्हणून ऐकायचा नाही.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, कुमुदसाठी होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून कुंभार्ली घाट तिला बंद झाला. वळणावर अंग बाहेर फेकलं जायचं, ते सावरायला ती ताठायची, आणि डाव्या कमरेपासून टाचेपर्यंत कळ जायची. घाटापलीकडे कऱ्हाड, तिचं माहेर. तिथे भांड्यांच्या दुकानाच्या वर एकटा राहणारा तिचा रघूदादा. दोन भाऊबिजा तिने फोनसमोर निरांजन फिरवून साजऱ्या केल्या होत्या. दादा पडद्यावरून म्हणायचा, "मीच आलो असतो गं, पण दुकान सोडवत नाही." ती म्हणायची, "छे, तू कशाला धडपडतोस? मीच येते आता." दोघंही हसायचे. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसायची. या दिवाळीला मात्र जायचंच, असं तिने ठरवलं होतं.

नव्या समतोलकांवर घाट चढताना पहिली काही वळणं कमरेला कळलीसुद्धा नाहीत. "बघ!" श्रीरंग म्हणाले. "लोण्यातून चाललोय."

कुमुदच्या तोंडात मात्र मळमळीचं पाणी सुटत होतं, कानशिलं गार पडली होती. "अहो, थांबवा," एवढंच म्हणाली आणि दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकली.

"तुला गाडी लागली?" श्रीरंगांचा विश्वास बसेना. "लहानपणी एसटीच्या मागच्या सीटवर बसून भेळ खायचीस म्हणे!"

पुढच्या वळणावर तेच, त्याच्या पुढच्या वळणावर तेच. शेवटी अर्ध्या घाटातून गाडी माघारी फिरवली. परतताना कुमुद रडली. दुखत नव्हतं तरी जाता येत नव्हतं, याचंच तिला रडू आलं.

लतीफभाईंना हा अपमान वाटला. "वहिनी, तांब्यातलं पाणी हललं नाही. पुन्हा दाखवतो." त्यांनी तांब्या भरून पुढे बांधला, कुमुदला मागे बसवलं आणि गाडी घाटाला लावली. श्रीरंग प्लास्टिकची पिशवी उघडून तयार.

कुमुदने तांब्यावर नजर ठेवली. वळण आलं. पाणी काठाला लागून तसंच सपाट, आणि खिडकीबाहेर मात्र सगळा डोंगर तिरपा. पोटात ढवळलं म्हणून तिने डोळे मिटले. ढवळणं थांबलं. डोळे उघडले, पुन्हा सुरू. चाळा लागल्यासारखं तिने हे चार-पाचदा करून पाहिलं.

"लतीफभाई, थांबवा जरा. वळणावर ही गाडी आतल्या बाजूला कलते का हो?"

"कलणारच की. नाहीतर पाणी बाहेरच्या बाजूने सांडेल. तीच तर तिची कमाल. बरोब्बर इतकी कलते, की पाण्याला वाटतं गाडी सरळच चाललीय."

"पाण्याला वाटतं, कारण तांब्याला डोळे नाहीत. मला आहेत. डोळे म्हणतात वळतोय, आणि पोट म्हणतं आपण घरी पाटावर बसलोय. भांडण त्या दोघांचं, आणि ओकारी मला. तुम्ही गाडीला शिकवलंत खरं, पण तांब्याच्या सोयीने शिकवलंत."

लतीफभाईंनी तांब्याकडे पाहिलं. मग स्टिअरिंगवर हात आपटून जे हसायला लागले ते थांबेनातच. "वडलांच्या वेळी गाड्या शिकत नव्हत्या हो! तांब्या नुसता परीक्षा घ्यायचा. मी त्यालाच मास्तर करून बसवला."

गॅरेजमध्ये त्यांनी समतोलकांचे सगळे धडे पुसले आणि तांब्याच्या जागी कुमुदला बसवलं. सीटच्या कापडात बारीक संवेदक विणलेले होते. बसणाऱ्याचा श्वास कुठे अडतो, कुठला स्नायू आवळतो, हे त्यांना समजायचं. समोर एक छोटा दिवा होता. गाडी शिकत असली की तो पिवळा लुकलुके, आणि बसलेलं अंग ओळखीचं झालं की हिरवा होई. कधी श्रीरंग तिच्या जागी बसले की तो लगेच पिवळा व्हायचा आणि पिवळाच राहायचा.

दिवाळीपर्यंत रोज सकाळी घाटात शिकवणी चालली. कलणं कमी केलं की मळमळ जायची, पण कळ यायची. वाढवलं की उलट. श्रीरंग कळ टाळायला बघत होते. कुमुदनेच त्यांना अडवलं. "थोडं लागू दे हो. वळण आलंय हे माझ्या पाठीला कळायला हवं. एवढं दुखणं मला चालेल."

भाऊबिजेला त्यांनी घाट ओलांडला. कमरेत ठणका होता, पण ओळखीचा, बेताचा. घाटमाथ्यावर कुमुदने डबा उघडून चकली खाल्ली आणि माकडांना दटावलं. इतकी आनंदात ती कित्येक महिन्यांत नव्हती.

दादा दारातच उभा होता. औक्षणाला तिने पाट मांडला, तर म्हणाला, "पाटावर कोण बसतंय या वयात? खुर्चीच बरी." तिने ओवाळलं. निरांजनाची धग त्याच्या चेहऱ्यावर पडली, आणि दोघांचेही डोळे भरून आले. काचेशिवाय पाहिल्यावर दादा बराच थकलेला दिसत होता.

जेवणं झाल्यावर तिने हट्ट धरला, "चल, तुला प्रीतिसंगमावर फिरवून आणते. माझ्या सीटवर बस. बघ तरी मी गाडीला काय काय शिकवलंय."

"नको गं, दुकान..."

"भाऊबिजेला कसलं दुकान?"

दादा दाराला धरून सावकाश बसला. कुमुद मागे बसली. "आता पिवळा दिवा लागेल," तिने कौतुकाने सांगितलं. "तू नवा ना तिला. मला ओळखायलासुद्धा तिला दिवाळी उजाडली."

दिवा पिवळा लुकलुकला. श्रीरंगांनी गाडी पहिल्या वळणावर घेतली. गाडी थोडी कलली, कुमुदसाठी कलायची अगदी तेवढीच, डावी बाजू सांभाळून. दिवा हिरवा झाला. दुसऱ्या वळणावरही हिरवाच.

श्रीरंगांनी आरशातून कुमुदकडे पाहिलं. शिकण्यासारखं काही गाडीला उरलंच नव्हतं.

"छान आहे हं गाडी," दादा समोर बघत म्हणाला. "हिला कसं कळलं?" आणि त्याने जीभ चावली. त्याचा डावा हात कमरेवर होता.

दुकान सोडवत नाही म्हणणारा दादा तिला आठवला. तू कशाला धडपडतोस म्हणणारी ती स्वतःही आठवली. दोन वर्षं दोघांनी एकमेकांना हसरे चेहरे दाखवले होते. तिने मागून पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, तुला कधीपासून दुखतंय?"