पुस्तकवाले मागे, बाकीचे पुढे

“स्क्रीन उधर आहे, भिया.”

ऋजुताने हे हळूच, पण चांगलं दात-ओठ खाऊन सांगितलं. शेजारच्या खुर्चीतला तो अनोळखी मुलगा बराच वेळ पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता. पडद्यावर किल्ल्याएवढा मासा समुद्रातून वर येत होता, सगळा हॉल ‘बाप रे’ म्हणत होता, आणि या महाशयांचं लक्ष कुठे, तर हिच्या उघड्या तोंडाकडे!

“सॉरी,” तो गडबडला. “मासा मला माहीत आहे. म्हणजे... वाचलाय मी. तुम्ही बघा ना, आता तो डोळा उघडेल आणि—”

त्याने जीभ चावली. माशाने डोळा उघडला.

“सांगून टाकलं ना!” ऋजुता जवळजवळ ओरडलीच.

त्या हिवाळ्यात ‘मीठसागर’ने सगळ्यांना वेड लावलं होतं. तीन जाडजूड कादंबऱ्यांवरून काढलेली ही मालिका. एवढा खर्च म्हणे कुठल्याच मालिकेवर झाला नव्हता. इंदूरच्या सुदामा नगरातल्या मराठी मंडळाचे सचिव कृष्णरावकाका यांना वाटलं, तरुण मुलं मंडळाकडे फिरकत नाहीत, तर दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये मोठा पडदा लावू. मुलं आली, पण पहिल्याच शनिवारी भांडणं झाली. ज्यांनी पुस्तकं वाचली होती ते दर मिनिटाला ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणून उसासे टाकत, आणि ज्यांनी वाचली नव्हती ते त्यांच्या अंगावर धावून जात. काकांनी नियमच केला — पुस्तकवाले मागे, बाकीचे पुढे. आणि मागच्यांनी ब्रही काढायचा नाही.

स्वतः काका पुढच्या रांगेत मध्यभागी बसत. त्यांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष घोड्यांवर. “अरे, लगाम असा धरतात का? पडेल तो!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घोडेस्वार काही पडत नसे.

तो मुलगा उशिरा आला होता, मागे जागा नव्हती, म्हणून पुढे बसला होता. नाव अनीश. सांगलीचा, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी, इंदुरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. एपिसोड संपल्यावर हॉलबाहेरच्या गराडूच्या गाडीवर ऋजुताने त्याला गाठलंच.

“एक बात सांगा. माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं?”

तो लाजला. गराडूची बशी या हातातून त्या हातात केली. तळलेल्या कंदाची वाफ दोघांच्या मध्ये तरंगत होती.

“हसणार नाही ना?... मी ही पुस्तकं हॉस्टेलवर असताना वाचली. एकट्याने. त्यात एक गोष्ट घडते... कोणती ते विचारू नका. ती वाचली आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं. पण आमच्या हॉस्टेलवर कोणी क्रिकेटशिवाय काही वाचत नव्हतं. मी वेड्यासारखा नुसता फिरत होतो. तेव्हापासून वाटतं, ते दुसऱ्या कोणालातरी पहिल्यांदा कळताना बघावं. म्हणजे मग... आपण एकटे नव्हतो असं वाटेल.”

ऋजुता हसली नाही. तिला ते आवडलं. फार आवडलं, पण तसं लगेच दाखवणाऱ्यातली ती नव्हती.

“ठीक आहे. पुढच्या शनिवारी पुढेच बसा. काकांना मी सांभाळते. पण तोंड बंद!”

यात तिचा स्वार्थ होता. ऋजुताला उत्सुकतेचा जुना आजार होता. भेटवस्तूचा कागद ती आदल्या दिवशीच कोपऱ्यातून उचलून बघायची, लग्नाला गेली की आधी स्वयंपाकघरात डोकावून यायची. आता सगळी गोष्ट ज्याला माहीत आहे असा माणूस शेजारी बसणार होता. बोलला नाही तर नाही, चेहऱ्यावरून तरी काही कळेलच की!

पण अनीशचा चेहरा म्हणजे बंद कपाट. मालिकेत राणी ईशालीवर जीव टाकणारा हेमक नावाचा एक नावाडी होता, आणि ऋजुताचा त्याच्यावर जीव जडला होता. दर शनिवारी गाडीवर तेच.

“हेमक वाचतो ना? बस, एवढंच सांगून दे.” तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

“गराडू गार होतायत.”

“म्हणजे मरतो.”

“मी असं म्हटलं?”

“म्हणजे वाचतो!”

“लिंबू पिळू अजून?”

“तू ना... एकदम पत्थर आहेस!”

“आणि तू दर दोन मिनिटांनी भुवई उचलतेस. डावी. घाबरलीस की दोन्ही.”

तिने घाईघाईने भुवयांवर हात ठेवला. इतकं बारकाईने तिच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. त्या रात्री दात घासताना तिने आरशात डावी भुवई उचलून पाहिली आणि स्वतःशीच हसली.

आणि मग तिने नको ते केलं.

चौथा एपिसोड अशा ठिकाणी संपला की हेमक वादळात, दोराला लटकलेला! आठवडाभर थांबायचं? ऋजुताला ते जमण्यातलं नव्हतं. तिने तिन्ही पुस्तकं मागवली. सियागंजात मिरच्यांच्या एका गोदामाच्या वर तिचं ऑफिस होतं, तिथे ती शेव-चिवड्याच्या पाकिटांची डिझाइनं करायची. दुपारच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, तिने ते पान गाठलं. राणीची नाव वाचावी म्हणून हेमकने स्वतःचा दोर स्वतः कापला.

ती ढसाढसा रडली. शेजारच्या टेबलावरची शिखा धावत आली. “काय झालं गं?”

“मिरची,” ऋजुता म्हणाली. “खाली पोती खोलून राहिले असतील.”

शिखाही मंडळात येई, पुढे बसे. तिला सांगणं शक्य नव्हतं. घरी कोणाला हेमक माहीत नव्हता. हे दुःख ज्याला कळलं असतं असा आख्ख्या इंदुरात एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच सांगायची चोरी! तो तिच्या शेजारी बसतो ते तिला काही माहीत नाही म्हणून. माहीत आहे म्हटल्यावर तो कशाला बसेल? हा विचार आला आणि तिला कळलं, आपल्याला हेमकपेक्षा या दुसऱ्याच गोष्टीचं भय वाटतंय. आपण त्याच्या प्रेमात पडलोय.

शनिवारी तिने नाटक करायचं ठरवलं. पडद्यावर तेच वादळ. हेमकने कमरेचा चाकू काढला. मागच्या रांगा श्वास रोखून बसल्या. ऋजुताने डावी भुवई उचलली, मग दोन्ही, मग तोंडावर हात नेला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेवढं मात्र खरं होतं.

मग दोर तुटला. शिखा किंचाळली. काकांनी चष्मा काढून पुसला, आणि त्या दृश्यात तर एकही घोडा नव्हता.

ऋजुताने अनीशकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, पण जरा वेगळंच. बाहेर आल्यावर त्याने गराडू घेतले नाहीत.

“पुढच्या वेळेपासून मी मागे बसेन म्हणतो,” तो म्हणाला.

“का रे?”

“असंच... जे बघायचं होतं ते बघून झालं.”

म्हणजे खरंच, एवढ्यासाठीच बसत होता तो. “बस. ठीक आहे,” ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागली. किल्ली हातातच होती.

शेवटच्या एपिसोडला हॉल खच्चून भरला. लोक भिंतीला टेकून उभे होते. अनीश आला आणि सरळ मागे गेला. ऋजुताच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर शिखाने आपली पर्स ठेवली. त्या पर्सकडे बघून ऋजुताचा जीव कासावीस झाला. आज ही मालिका संपणार, मग शनिवार कसले आणि गराडू कसले? काका दिवे बंद करायला उठले.

“काका, एक मिनिट.” ती उभी राहिली. “मी मागे बसते.”

“का गं? इथून दिसत नाही?”

“दिसतं. पण... मी पुस्तक पढून घेतलं आहे. तिन्ही.”

शिखाचा आ वासलेला. “धोकेबाज! कधी?”

“हेमक जायच्या आधी.”

कोणीतरी शिट्टी वाजवली. काकांनी कपाळाला हात लावला. “नियम म्हणजे नियम. उचल खुर्ची.”

तिने आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना धडकत, ‘सॉरी, सॉरी’ करत, मागच्या रांगेत अनीशच्या शेजारी आणून ठेवली. कान तापले होते. दिवे गेले.

“मला माहीत होतं,” अंधारात तो कुजबुजला.

“काय?”

“दोर तुटायच्या आधीच तू रडलीस. नुसता चाकू निघाला होता. कोणाला काय ठाऊक, तो पाव कापणार होता की दोर!”

तिला हसू आलं आणि रडूही. “मग बोलला का नाहीस? उठून मागे का गेलास?”

“माझ्यामुळे तुला नाटक करावं लागत होतं. त्या भुवया... बघवेना मला. म्हटलं, मी शेजारी नसलो तर बिचारी नीट बसेल तरी.”

“मला वाटलं, तुझं काम झालं.”

“कसलं काम? अगं, तिसऱ्या शनिवारपासून मी पडद्यावर काय चाललंय ते तुझ्या तोंडावरूनच—”

“श्श!” पुढून कोणीतरी वळलं. “बाहर जाके करा ना यार!”

ते खरंच बाहेर गेले. हॉलच्या पायऱ्या थंडगार होत्या. ऋजुताने शाल ओढून घेतली, थोडी त्याच्याकडेही सरकवली.

“त्या दिवशी ऑफिसात खूप रडली मी,” ती म्हणाली. “कोणाला सांगूच शकत नव्हती. हेमकने एकदा तरी राणीला बोलून द्यायचं होतं ना रे! नुसतं दोर पकडून बसला.”

“हो ना! मी पण तेच म्हणत फिरत होतो. गाढव आहे तो.”

“गाढवच!”

आतून पडद्यावरचे ढोल ऐकू येत होते.

“ऋजुता...” त्याने घसा साफ केला. “मला तू आवडतेस. म्हणजे, प्रेम आहे माझं तुझ्यावर. आता यापुढे काय होतं ते मी कुठे वाचलेलं नाही. खूप भीती वाटतेय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. बंद कपाट सताड उघडं होतं.

“माझं पण आहे,” ती म्हणाली. “पक्का. कधीचं.”

तिने शालीखाली त्याचा हात धरला. इतक्यात आत सगळा हॉल एकदम ओरडला. खुर्च्या सरकल्या, शिखाची किंकाळी आली, मागच्या रांगांतून ‘हे पुस्तकात नव्हतं, नव्हतं!’ असा गिल्ला झाला आणि काकाही काहीतरी मोठमोठ्याने बोलत होते, तेही घोड्यांबद्दल नव्हे.

“काहीतरी भलतंच झालंय आत,” अनीश म्हणाला. “जायचं बघायला?”

“होऊ दे,” ऋजुता म्हणाली, आणि जागची हलली नाही.