ऐंशीच्या खाली

मी घरीच गाण्यांचं मिक्सिंग करतो. लोक गाणी रेकॉर्ड करून पाठवतात, मी गळा, गिटार, ड्रम यांची पातळी जमवून परत देतो. खोली मागच्या बाजूची, अकरा बाय नऊ. पूर्वी तिथे ट्रंका आणि एक जुनी गादी असायची. भिंतींना फोम मीच ठोकला, खिडकी आतून बंद केली. टेबलावर दोन पाच इंची स्पीकर. बावीस वर्षं त्यांच्यावरच काम चाललं.

एवढ्या लहान स्पीकरला फार खालचे सूर वाजवता येत नाहीत. सुरांना आकडे असतात, सेकंदाला किती कंपनं त्याचे. ऐंशीच्या खाली उतरलं की आवाज कानापेक्षा छातीला जास्त कळतो. माझ्या खोलीत तो वाजतच नव्हता. म्हणून गळ्याच्या ट्रॅकवर फिल्टर लावायचा आणि ऐंशीच्या खालचं सगळं दाबायचं, ही माझी सवय. तिथे कामाचं काही नसतंच. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, कोणी पाय आपटला तर धप्प. फाइलमधून ते जात नाही, फक्त ऐकू येत नाही.

मार्चमध्ये एक गिऱ्हाईक चिडलं. "काका, तुमचं गाणं गाडीत लावलं की काचा थरथरतात."

मी उंटाला सांगितलं. उंट म्हणजे माझा मित्र. बेस गिटार वाजवतो, उंची सहा फूट तीन.

"अरे, तळमजल्यावर काय चाललंय ते तुला दिसत नाही, आणि तू घर रंगवत बसलायस," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःचा जुना सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, घेऊन आला. काळा लाकडी खोका, समोर बारा इंची पडदा. दोघांनी मिळून उचलला तरी कंबर धरली.

"ठेव त्या कोपऱ्यात," मी म्हणालो.

"कोपऱ्यात नुसता घुमेल. आधी तुझ्या खुर्चीवर बसव त्याला."

पद्धत अशी असते. खोका आपल्या खुर्चीवर ठेवायचा, एकच खालचा सूर लावायचा, आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे तो सूर भरून आणि एकसारखा ऐकू येईल, ती खोक्याची जागा. आम्ही दोघे साठीचे बाप्ये गुडघ्यांवर रांगायला लागलो.

"वहिनी असत्या तर फोटो काढला असता," उंट म्हणाला. मग पुढे रांगत गेला.

ही गेली त्याला आठ महिने झाले होते. सकाळी सातला ओट्यापाशी पडली. डॉक्टरांनी विचारलं, हृदय बरेच महिने अडखळत असणार, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का? नाही आलं.

"इथे," उंट म्हणाला. डाव्या भिंतीपाशी, दारापासून हातभर. मीही कान नेला. खरंच, सूर तिथे भरून येत होता. माइक लावून ही त्याच जागी उभी राहायची. पाय कुठे ठेवायचे त्याची पांढरी चिकटपट्टी अजून फरशीवर होती. आम्ही दोघांनी खोका उचलून त्या पट्टीवर ठेवला.

गिऱ्हाइकाचं काम दोन दिवसांत निघालं. मग मी हिचं गाणं उघडलं.

तीस वर्षं ही दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये गायली. हे एकच गाणं तिचं स्वतःचं, चार मिनिटं रेकॉर्ड झालेलं, आणि त्याचं शेवटचं कडवं गायचं राहून गेलं होतं. ती असताना मी ते तीसेक वेळा लावलं असेल. ती गेल्यावर एकदाही नाही. लेक मात्र दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, आईचं गाणं?"

सबवूफर आहेच, तर पाहू म्हणून हिच्या ट्रॅकवरचा फिल्टर काढला.

धप्प. धप्प. थोडं थांबून, धप्प.

मला वाटलं, पाय. पण पाय तालावर पडतो, आणि हिचा ताल आयुष्यात कधी चुकला नाही. हे तालात नव्हतं. मी फ्रिज बंद करून आलो. पाण्याचा पंप बंदच होता. बाकीचे ट्रॅक बंद करून फक्त हिचा ठेवला. गाणं संपलं, हिने श्वास सोडला, आणि त्या श्वासाच्या खाली आणखी दोन ठोके पडले. तोंडापासून वीतभर लांब असलेल्या माइकमध्ये असलं काही येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. खात्रीसाठी गिऱ्हाइकाच्या गायकाचा ट्रॅक तसाच लावून पाहिला. नुसती घरघर.

मी खोक्यासमोर फरशीवर बसलो आणि पडद्यावर तळहात ठेवला. पडदा पुढे यायचा, हाताला टेकायचा, मागे जायचा.

दोनशे बारा ठोके मोजले. गाणाऱ्या माणसाच्या हृदयाचे मिनिटाला ऐंशीच्या वर पडतात, म्हणजे चार मिनिटांत तीनशेच्या पुढे हवेत. मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या.

त्यानंतर रोज जेवण झालं की मी तिथे जाऊन बसायचो. एकदा लावायचो, हात ठेवायचो, गाणं संपलं की भांडी घासायला उठायचो. पाचव्या दिवशी पुन्हा मोजले. एकशे एक्क्याण्णव. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून कागदावर रेघा मारत मोजले. एकशे सत्त्याऐंशी. फाइलवरची तारीख जुनीच होती, कोणी हात लावलेला नव्हता. दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत होती, ती लावली. प्रतीत एकशे त्र्याऐंशी निघाले.

मी उंटाला बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही. नुसता त्याचा हात धरून पडद्यावर ठेवला.

"हे काय लावलंयस?"

"तुला काय वाटतं?"

त्याने हात काढून घेतला आणि पँटला पुसला. "रोज ऐकतोस?"

"रोज. कमी होतायत. दर वेळी चारेक."

"मग लावू नकोस ना, शहाण्या."

"लेकीला गाणं हवंय. मिक्स करायचं तर चाळीस-पन्नास वेळा लावावंच लागेल."

"फिल्टर लावून कर."

"करून पाहिलं. ऐकू येत नाहीत, पण जायचे ते जातातच."

उंट चहासाठी थांबला नाही. दारात म्हणाला, "खोका राहू दे तुझ्याकडे. मला नको."

अकरा दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. लावलं नाही तर ते आहे की नाही, मला सारखंच. लावलं तर संपणार. कसाही विचार केला तरी माझ्या हातात काही राहत नव्हतं. निदान लेकीकडे गाणं राहील, असं ठरवून बाराव्या दिवशी कामाला बसलो.

काम चांगलं झालं, ते मी सांगू शकतो. हिच्या गळ्यात वरच्या सुरांना एक धार होती, ती जपली. शनिवारी दुपारी नऊ उरले होते. मग पाच. मग गाणं पूर्ण वाजलं आणि पडदा हलला नाही. मी हात तसाच ठेवून पुन्हा लावलं. आता ते नुसतं रेकॉर्डिंग होतं.

रविवारी लेक आली. शेवटचं कडवं तिने गायचं, हे तिचंच म्हणणं. खोक्याला लागून उभी राहिली.

"बाबा, माझा आवाज फाटका आहे हं. आई म्हणायची, तू गाण्यापेक्षा भांडताना सुरात असतेस."

"मग भांडतेस तशी गा."

ती हसली, आणि दुसऱ्या वेळेस नीट गायली. पन्नास सेकंदांचं कडवं. 'अंगण' या शब्दावर तिचा आवाज हिच्यासारखा वळला, तेव्हा मी खाली मान घालून बटणं बघत बसलो. नेहमीप्रमाणे तिच्या ट्रॅकवर फिल्टर लावला. पाच-सहा वेळा लावून ते कडवं बसवलं आणि संध्याकाळी गाणं तिला पाठवून दिलं. ठोक्यांचं जे काही होतं ते फक्त हिचंच होतं, असं मी धरून चाललो होतो.

सोमवारी सकाळी सगळं आवरायला बसलो. शेवटच्या कडव्याखाली हिचं काही राहिलं असेल का, या आशेने लेकीच्या ट्रॅकवरचा फिल्टर काढला.

धप्प. धप्प.

हिचे नव्हते. चाल वेगळी होती, भरभर.

पन्नास सेकंदांत सत्तर तरी हवेत. मी एकोणचाळीस मोजले. मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या.

मी गाणं थांबवलं आणि फोन लावला.

"बोल बाबा."

"गाणं ऐकलंस?"

"ऐकलंस काय विचारतोस! कालपासून तेच चालू आहे. गाडीत तेच, आंघोळ करताना तेच. ऑफिसात सगळ्यांना पाठवलंय. आत्तापण लावलंय, ऐक."

"बंद कर."

"काय?"

"आधी बंद कर."

"बाबा, तू जेवतोयस ना नीट?"

"बंद कर ग!"

"करते, करते. थांब जरा." ती थांबली. फोनवर नुसता तिचा श्वास येत होता. "दोन जिने चढले तर दम लागलाय बघ. म्हातारी झाले."

ती एकतीस वर्षांची आहे.

मी खोक्यासमोर फरशीवर बसलो होतो. माझ्याकडे काहीच लावलेलं नव्हतं. हात कधी पडद्यावर गेला ते कळलं नाही.

पडदा हाताला टेकला. मागे गेला. टेकला.

"हे घे, केलं बंद," लेक म्हणाली. "आता बोल."

मागचं गाणं थांबलेलं मला ऐकू आलं.

पडदा टेकला. मागे गेला. जरा जास्तच वेळ मागे राहिला. मग टेकला.

"किती जणांना पाठवलंस?" मी विचारलं.

"मोजले नाहीत रे," ती म्हणाली. "त्यांनीपण पुढे पाठवलंय."