किर्कोनवॅकीची नाव

हापानिएमी गावाची चर्चला जायची नाव लांबलचक, आणि तिच्यात घरागणिक एक वल्हं. रविवारी सरोवरापलीकडच्या चर्चला ती सगळ्यांच्या आधी लागायची. सुकाणूवरच्या तावेतीला त्याचा केवढा अभिमान! पण हिवाळ्यातल्या तापानं निम्मी बाकं ओस पडली. तावेतीचा डावखुरा भाऊ आपेलीही त्यातच गेला. आणि आज चर्चला बिशप येणार होते.

गेलेल्या माणसाचं वल्हं वर्षभर घरीच उलटं टांगायचं, अशी रीत. तावेतीनं ती सगळी वल्ही आणून रिकाम्या बाकांपाशी अडकवली.

"हे बरं नाही हं," रीता आत्या म्हणाली.

"मग बिशपांना बोडकी नाव दाखवू का, आत्या?"

शेजारच्या गावची नाव बाजूनं गेली. "काय तावेती, आज नुसती वल्हीच निघाली का प्रार्थनेला?" तिकडे हशा पिकला.

नावेतल्या तरुण पाद्रीबाबांना जुन्या शब्दांचा नाद. "आत्याबाई, चर्चच्या मंडळींना तुम्ही किर्कोनवॅकी म्हणता. किर्को म्हणजे चर्च, ते कळलं. पण हा शब्द आला कुठून?"

"वॅकी म्हणजे माणसं, आणि त्यांचा जोरही. आधी हे नाव चर्चभोवती मातीत निजलेल्यांचं होतं, बाबा. आपण जिवंत माणसं त्यात मागाहून येऊन बसलो."

तावेतीनं स्तोत्र उचललं. दुसऱ्या कडव्याला खालून खर्ज मिळाला. तसा गळा गावात आता उरला नव्हता.

नाव सरसरत निघाली. रिकाम्या बाकांची वल्ही तालात पाणी कापत होती. तिकडे कुणी पाहिलं नाही. तावेतीला मात्र सगळी बाकं समोरच दिसत होती. तो गात राहिला.

शेजारची नाव केव्हाच मागे पडली. काठावर बिशप म्हणाले, "भरली नाव! धन्य तुमचं गाव." तावेतीचा ऊर भरून आला.

प्रार्थना आटोपून मंडळी काठावर परतली तर नावेत कुणी नव्हतं. तरी ती भरल्या वजनानं पाण्यात खोल बसलेली.

आत्यानं त्याची बाही धरली. "आपल्याला जागा नाही रे. पायीच चला."

काठाकाठानं गाव गाठेपर्यंत उन्हं कलली.

गावच्या धक्क्याला नाव आधीच लागली होती. तशीच खोल.

"आजही पहिलीच," तावेती हळूच म्हणाला.

दोराला डावखुरी गाठ होती.

मग नाव थोडी थोडी वर येऊ लागली, एकेक जण उतरावा तशी.

तावेतीनं टोपी काढली, आणि बाजूला सरकून वाट दिली.