कधीतरी पॉप इन कर

मार्चमधल्या वाऱ्यानं सार्वजनिक मळ्यातल्या माझ्या भाड्याच्या वाफ्यावरच्या खोपटाचं छप्पर उचललं आणि थेट शेजारच्या वाफ्यात नेऊन टाकलं… विल्फच्या कोवळ्या वाटाण्यांवर!

"सॉरी—" मी धावत गेले.

"छे, सॉरी मीच. माझे वाटाणे मध्ये आले."

डोळे मात्र हसत होते मेल्याचे. भुरभुर पावसात त्यानं थर्मासमधला चहा पुढे केला. "कोरा आहे हं. मी कोराच पितो."

"मला ओटचं दूध लागतं."

"नखरे!" तो हसला. निघताना म्हणाला, "घरी पॉप इन कर कधीतरी."

पॉप इन करणं म्हणजे जाता जाता सहज डोकावणं. आम्ही इंग्लंडमधली, यॉर्कशायरची माणसं दिवसभर तेच करतो. दुकानात पॉप डाउन, आजीकडे पॉप राउंड, पाच मिनिटं पॉप आउट. पण 'पॉप इन कर कधीतरी' हे निरोप घेताना फक्त म्हणायचं असतं, जायचं नसतं. मनापासून बोलावणारा वार आणि वेळ सांगतो.

म्हणून मी "नक्की!" म्हणाले आणि गेले नाही. पुढे दर शनिवारी मळ्यात तो तेच म्हणायचा, मी तेच म्हणायचे… आणि घरी येऊन स्वतःवर चिडायचे. वर्ष असंच गेलं.

मग एका शनिवारी मळ्याच्या सेक्रेटरी डोरीनबाई म्हणाल्या, "अगं हॅटी, विल्फ वाफा सोडतोय. सोमवारी कॉर्नवॉलला चाललाय, कायमचा. पाचला वाफ्याची किल्ली मला आणून देतोय."

चार वाजले होते. मी चिखलाच्या बुटांनिशी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. न सांगता!

"मी… पॉप इन केलं."

त्यानं मला आत घेतलं. घरभर खोकी. चहासाठी त्यानं फ्रिज उघडला, तर आत एकच वस्तू— ओटच्या दुधाचा डबा, न फोडलेला.

"तू तर कोरा पितोस."

"दर आठवड्याला नवा आणतो. नासला की ओतून देतो." त्याचे कान लाल झाले. "म्हटलं, आलीस तर…"

"वेड्या, मग वार का नाही सांगितलास?"

"नाही म्हणाली असतीस तर?"

मला हसू आलं, रडूही. "जाऊ नकोस, विल्फ. मला आवडतोस तू. आणि आता 'कधीतरी' चालणार नाही. वार सांग, वेळ सांग."

"रोज," तो म्हणाला. "सकाळी आठ."

पाच वाजून गेले. किल्ली त्याच्या खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी मी आठला पाच कमी असतानाच पोचले, तर दार उघडंच होतं.